मधला शब्द

११ जानेवारी

वन्सं,

सुखरूप पोचले. पाय सुजलेत आणि एका कानात अजून विमान घोंघावतंय, बाकी ठीक. तुम्ही काही फोनला हात लावणार नाही, तेव्हा तीन-चार दिवस झाले तरी बॅग पुरती रिकामी न करता आधी लिहायला बसले आहे.

सूनबाईला ‘थोडं लागलंय’ असं चिरंजीवांनी सांगितलं होतं ना, ते थोडं म्हणजे मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरचा खांब आहे. आजारी गाय तपासायला वाकली आणि गाईने लाथ झाडली. पेशंटची लाथ खाणं जनावरांच्या डॉक्टरच्याच नशिबी असावं. हे मी तिला म्हणणार होते, पण एवढं इंग्रजी तोंडातून निघेना, म्हणून नुसती हसले. तिला वाटलं असेल, सासू आल्या आल्या मोडलेल्या पायाला हसतेय.

चिरंजीव मे महिन्यापर्यंत जहाजावर. इंजिनाच्या खोलीतून माणूस उठून घरी येऊ शकत नाही, म्हणून आईची रवानगी. घरात आम्ही दोघीच. लग्नानंतर ती दोघं आपल्याकडे आठवडाभर राहून गेली तेवढीच आमची ओळख, आणि तेव्हाही मधे दुभाष्या म्हणून तो होता.

घर अरुंद आणि उंच आहे, कपाट उभं करून ठेवावं तसं. खाली स्वयंपाकघर आणि तिची तपासायची खोली, वर निजायच्या दोन खोल्या, मागे अंगण आणि एक शेड. दाराशी चिखलाने माखलेले गमबूट, सगळीकडे जंतुनाशकाचा वास. फ्रिजमध्ये दुधाच्या शेजारी इंजेक्शनच्या बाटल्या. पहिल्या दिवशी मी ते बघून बिनदुधाचा चहा प्यायले.

ती फार कमी बोलते. जिना बसून चढते, एकेक पायरी मागे सरकत. हात पुढे केला तर मान हलवते. तिच्या खोलीतल्या पडद्याची दुमड उसवली होती ती मी शिवून टाकली. त्याकडे बघून म्हणाली, “रादर नीट.” काल भाज्या घालून सूप केलं. तिने वाडगा रिकामा केला आणि म्हणाली, “इट्स क्वाइट गुड.” मग भांडी आवरताना पुन्हा, “यू आर क्वाइट अ गुड कुक.”

गुड कळलं. कुकही कळलं. पण आमच्या सातवीच्या इंग्रजीत व्हेरी गुड होतं, क्वाइट नव्हतं. तुम्ही जन्मभर व्याकरण शिकवलंत, तेव्हा सांगा, मी किती खूश व्हायचं?

तुमची,
वहिनी

२४ जानेवारी

वहिनी,

पत्र मिळालं. तू पोचलीस हे कळून जीव भांड्यात पडला. पायांना रात्री उशी दे.

आता तुझा प्रश्न. क्वाइट म्हणजे ‘अगदी’, ‘पूर्णपणे’. मी वर्गात हेच शिकवत आले आणि परीक्षेत याच अर्थाला मार्क दिले. तेव्हा ‘क्वाइट गुड’ म्हणजे अगदी उत्तम. तू पोटभर खूश व्हायला हरकत नाही. रादर मात्र जरा तिरकस शब्द आहे. तो सहसा न आवडणाऱ्या गोष्टीपुढे येतो, पण नीटपणापुढे आला असेल तर तिने कौतुकच केलं असं धर.

दुसऱ्या वाक्यात एक गंमत आहे, ती तुझ्या लक्षात आली का? ‘व्हेरी’ असता तर तिला ‘अ व्हेरी गुड कुक’ म्हणावं लागलं असतं, म्हणजे ‘अ’ आधी. क्वाइट आला की तो ‘अ’ला मागे सारतो आणि स्वतः पुढे उभा राहतो. क्वाइट अ गुड कुक. रादर आणि सच हेही तसेच आगाऊ. सच अ गुड कुक. आणि ‘टू’ आला तर तो गुडलाही ओढून पुढे आणतो, टू गुड अ कुक. मुलींना हे कधी जमलं नाही. दर वर्षी निम्मा वर्ग ‘अ सच गुड कुक’ लिहायचा. आपल्याकडे ही भानगड नाही. ‘बरीच चांगली’ म्हटलं की काम झालं, रांगेत कोण पुढे उभा याची भांडणं नाहीत.

इकडे सगळं जागच्या जागी आहे. तुझ्या शिलाई मशीनवर चादर टाकली आहे. शाळेच्या गणवेशासाठी दोघी-तिघी बायका येऊन गेल्या, त्यांना सांगितलं, बाई परगावी. समोरच्यांचं मांजर तुझ्या खिडकीत येऊन बसतं आणि माझ्याकडे बघून निघून जातं.

तुझी,
वन्सं

९ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र वाचून मी खूश झाले आणि आठवडाभर तेच सूप करत राहिले.

खरंच सांगते. अगदी उत्तम म्हटल्यावर माणूस दुसरं कशाला करेल? ती रोज वाडगा रिकामा करायची. रविवारी चिरंजीवांचा कुठल्याशा बंदरातून फोन आला. आधी ती बोलली, मग मला दिला. हा हसतोय. म्हणाला, “आई, तिला सूप आवडतं, पण दुसरं काही नाही का करत तू?” मी म्हटलं, तीच म्हणाली क्वाइट गुड. तर म्हणतो, “अगं, इकडे क्वाइट गुड म्हणजे ठीक आहे, चालेल. खूप आवडलं असतं तर वेगळं म्हणाली असती.”

तोंडात मारल्यासारखं झालं. तुम्हाला दोष देत नाही, पुस्तकात असेल तेच तुम्ही सांगणार. पण तेव्हापासून तिच्या प्रत्येक वाक्याला मी माप लावत बसते. मी विणलेली टोपी ‘क्वाइट वॉर्म’. माझी साडी, ‘क्वाइट अ नाइस कलर’. सकाळी गरम पाण्याची पिशवी भरून दिली तर म्हणाली, “देअर्स नो नीड फॉर सच अ फस.” म्हणजे एवढा गाजावाजा नको. या बाईच्या तोंडून एक धड भरलेलं माप निघत नाही.

आणि काल तिच्या आईशी बोलताना कानावर आलं. मी ऐकायला उभी नव्हते, जिन्यात चादरी घेऊन अडकले होते. म्हणाली, “इट्स रादर अ स्मॉल हाउस, मम. विथ टू ऑफ अस.” दोघींना घर लहान पडतंय. रादर न आवडणाऱ्या गोष्टीपुढे येतो हे तुम्हीच लिहिलंत.

तिचं चुकलं असं नाही. मी काही तिने बोलावलेली नाही, मुलाने पाठवलेली आहे. प्लास्टर मार्चअखेर निघेल, मग थोडे दिवस काठी. मी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याचं तिकीट काढायला त्याला सांगितलं आहे. तोवर तिला खायला-प्यायला घालीन, जिन्यात मध्ये येणार नाही. माझी खोली जरा उघडून वारा खेळता ठेवाल का?

तुमची,
वहिनी

२२ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र घेऊन मी जुन्या हेडमास्तरांकडे गेले. त्यांच्याकडे जाडजूड शब्दकोश आहे, तो त्यांना आता उचलवत नाही, मी टेबलावर ठेवून दिला. दोघांनी मिळून क्वाइटचं पान काढलं. मुलगा म्हणतो ते बरोबर आहे. क्वाइटला दोन तोंडं आहेत. रिकामं, मेलेलं, अशक्य, जिथे कमी-जास्त होत नाही अशा शब्दापुढे तो ‘पूर्णपणे’. चांगलं, छान, गरम, जिथे कमी-जास्त होतं तिथे तो ‘बऱ्यापैकी’. आणि तिथेही बोलणारा जोर कुठे देतो त्यावर अवलंबून. क्वाइटवर दिला तर आखडता हात, गुडवर दिला तर मोकळा. तिने जोर कुठे दिला होता ते तुला आठवतं का? नसेलच आठवत.

एवढी वर्षं मुलींनी ‘बऱ्यापैकी’ लिहिलं की मी लाल रेघ मारली. हेडमास्तर म्हणाले, “असू द्या, बाई, त्या मुलींपैकी कुणाला त्यामुळे उपाशी राहावं लागलं नाही.” तुझ्या सुनेला मात्र आठवडाभर सूप खावं लागलं हे मी त्यांना सांगितलं नाही.

एक मात्र बोलते. तू या घरात आलीस त्या वर्षी शेजारणीने आईला विचारलं होतं, सून कशी आहे? आई म्हणाली, “बरी आहे.” तू दारामागे होतीस. तू किती दिवस हिरमुसली होतीस ते मला माहीत आहे. पण आईचं ‘बरी’ म्हणजे केवढं होतं, हे तिच्या शेवटच्या आजारात तिने तुझ्याशिवाय कुणाच्या हातून पाणी घेतलं नाही तेव्हा कळलं. हे मी सुनेची बाजू घ्यायला लिहीत नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

तुझी खोली उघडली. नुसता वारा नाही, रंगच देऊन घेतला. फिकट पिवळा, तुला आवडतो तसा. रंगारी म्हणाला दोन हात पुरतील, मी तीन द्यायला लावले. खिडकीची कडी बदलली. मशीनच्या बाजूला जिथे तुला उजेड कमी पडायचा तिथे दिवा लावून घेतला. पलंग भिंतीपासून सरकवला आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी चादर खोचता येईल. पडद्याचं कापड मी निवडलं नाही, ते तू आल्यावर आण.

तुझी,
वन्सं

१२ मार्च

वन्सं,

आज जे लिहायचं आहे ते एका दमात लिहून काढते, नाहीतर राहील.

परवा दुपारी एक मेंढ्यावाला गाडी घेऊन थेट अंगणात आला. शेजारच्या गावातले डॉक्टर सध्या सूनबाईचं काम बघतात, ते दुसरीकडे अडकले होते. त्याच्या गाडीत एक अडलेली मेंढी. सकाळपासून कळा देत होती आणि आता दमून आडवी झाली होती. सूनबाई कुबड्यांवर शेडमध्ये गेली, एका उलट्या खोक्यावर बसली, पाय सरळ पुढे. मेंढीपाशी गुडघे टेकायला तिला येईना. वाकून बघितलं, हात पोचेना. मेंढीला उचलून टेबलावर घ्यावं तर ती धडपडत होती आणि मेंढ्यावाल्याला तिला धरूनच ठेवावं लागत होतं. त्याचे हात म्हणजे फावडी. तो आधी प्रयत्न करून बघून थकला होता.

मी दारात गरम पाण्याची बादली घेऊन उभी. सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “शो मी युअर हँड्स.”

मी दाखवले. तिने माझा पंजा स्वतःच्या पंजाला लावून पाहिला, शाळेतल्या मुली उंची मोजतात तसा. मग म्हणाली, “विल यू?”

मी नाही म्हणणार होते. पण मेंढीने मान वळवून बघितलं. तिची जीभ बाहेर लोंबत होती. मी अंगठी काढून खिशात टाकली, पदर खोचला, कोपरापर्यंत साबणाने हात धुतले. तिने हातावर बुळबुळीत औषध ओतलं आणि मी त्या गवतात गुडघे टेकले.

आत काय होतं ते सांगते. एक डोकं अगदी तोंडाशी आलेलं आणि एकच पाय. दुसरा पाय मागे राहिलेला. तेवढंच असतं तर ठीक, पण जो पाय पुढे आला होता तो त्या डोक्याचा आहे की नाही हेच कळत नव्हतं, कारण आत दोन पिल्लं होती आणि दोघांचे पाय एकात एक. सूनबाई सांगत होती आणि मी चाचपडत होते. तिने स्वतःचा हात वाकवून दाखवला, खुरावरचे पहिले दोन सांधे एकाच बाजूला दुमडतात तर पुढचा पाय, उलटसुलट दुमडतात तर मागचा. मग खांद्यावरून मानेकडे बोट नेलं. पायावरून वर जा, खांदा गाठ, खांद्यावरून मान. हे मात्र मला एका क्षणात कळलं. उलट्या केलेल्या अंगरख्यात हात घालून कुठली बाही कुठल्या खांद्याची हे आपण रोज बघतो. न बघता बघतो. तो पाय त्या डोक्याचा नव्हता. तो दुसऱ्याचा होता.

मी म्हटलं, “नो. अदर.”

ती म्हणाली, “आर यू शुअर?”

मी म्हटलं, “अदर शोल्डर.”

मग तिने एकेक शब्द टाकायला सुरुवात केली. तो परका पाय मागे ढकल. “अ बिट.” अजून. “रादर मोर.” मेंढी कळ द्यायची तेव्हा माझा हात भिंतीत चिणल्यासारखा व्हायचा, मग ती म्हणायची, “वेट.” मागे राहिलेला खरा पाय हाताला लागला तेव्हा त्याच्या खुराच्या टोकाला मी तळहाताची वाटी केली, आत ओरखडा निघू नये म्हणून, आणि पाय पुढे घ्यायला लागले. ती माझ्या दंडाकडे बघत होती, कारण आतलं तिला दिसत नव्हतं. “नॉट क्वाइट.” थोडं अजून. “नॉट क्वाइट.” मला वाटलं आता माझा हातच निखळून येणार. आणि मग खूर सुटला आणि ती हळूच म्हणाली, “देअर.”

वन्सं, त्या ‘नॉट क्वाइट’चा अर्थ मला कुणालाही विचारावा लागला नाही.

पहिलं पिल्लू बाहेर आलं ते चिंधीसारखं. मेंढ्यावाल्याने त्याच्या नाकात गवताची काडी फिरवली, अंग चोळलं, आणि ते शिंकलं. आता उभं राहून पितं म्हणे. दुसरं मेलेलंच होतं. मी ते काढून त्याच्या आईसमोर ठेवलं, तिने चाटलं, मग सोडलं आणि जिवंत पिल्लाकडे वळली. मी बाहेर येऊन नळाखाली हात धरून उभी राहिले. मेंढ्यावाला जाताना म्हणाला, “नॉट बॅड.” त्याच्या मागोमाग सूनबाई आत गेली आणि चहा ठेवायला लागली. कप पुढे ठेवला, माझ्या खांद्याला हात लावून गेली, बस.

रात्रीच्या जेवणाआधी तिच्या आईचा फोन. दार उघडंच होतं. तिने सगळं सांगितलं असावं, मेंढी, पाय, खांदा हे शब्द मला ऐकू आले. आणि शेवटी म्हणाली, “शी’ज क्वाइट अ वूमन.”

मी पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहिलं, ऐकण्यात चूक नाही. क्वाइट अ वूमन. गुड नाही, नाइस नाही, मधला शब्दच नाही. क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी हे आता पक्कं झालंय. म्हणजे काय झाले मी? बऱ्यापैकी बाई? जेमतेम बाई? इतके दिवस निदान बऱ्यापैकी चांगली स्वयंपाकीण तरी होते. त्या दिवशी एवढं झाल्यावर मधला शब्दही काढून घेतला.

राग आला असं नाही. थकवा आला. तिकीट आलं आहे, २६ एप्रिलचं. पिवळ्या खोलीची वाट बघते.

तुमची,
वहिनी

४ एप्रिल

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र केव्हाच आलं होतं आणि उत्तरही मला त्याच दिवशी सापडलं होतं. हेडमास्तरांकडच्या त्याच पानावर, जरा खाली. मागच्या वेळी मी वरचा अर्धा भाग वाचून पुस्तक मिटलं होतं.

मधला शब्द असला, क्वाइट अ गुड कुक, तर ते बऱ्यापैकी. मधला शब्दच नसला, क्वाइट नंतर अ आणि मग थेट माणूस, तर अर्थ पार उलटा. मग ते माप राहत नाही. मग ते म्हणजे ‘काय बाई आहे ही’. ‘अशी बाई पाहिली नाही’. एखाद्याबद्दल बोलताना चांगली, हुशार, धीराची यातला कुठलाच शब्द पुरत नाही असं वाटलं की हे लोक तो शब्द गाळतात आणि नुसतं क्वाइट अ म्हणून थांबतात. यात उलटसुलट काही नाही, शब्दकोशात उदाहरणासकट आहे. हेडमास्तरांनी तुझं पत्र वाचायला मागितलं, मी मेंढीचा भाग वाचून दाखवला. त्यांनी कोशातलं उदाहरण पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, तुमच्या वहिनींच्या सुनेने बरोबर शब्द वापरला.

तेव्हा तू जेमतेम बाई नाहीस. सुनेने तिच्या आईला तुझ्याबद्दल जे सांगितलं त्याहून मोठं मला तरी इंग्रजीत सांगता आलं नसतं.

खोली तयार आहे. तुला यायचं असेल तर ये. पण त्या शब्दासाठी येत असशील तर येऊ नकोस, तो तुला घालवणारा शब्द नव्हता.

उकाडा सुरू झाला आहे. मांजराला तुझ्या खिडकीत दूध ठेवते, आता माझ्याकडे बघून निघून जात नाही.

तुझी,
वन्सं

१६ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र मी पहिल्यांदा उभ्याने वाचलं, मग बसून.

संध्याकाळी सूनबाई काठी घेऊन अंगणात फेऱ्या मारत होती. प्लास्टर निघालं आहे. पाय वाळलेल्या शेंगेसारखा दिसतो, पण चालते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, “मी? क्वाइट अ वूमन?”

ती जागच्या जागी थांबली. मग कानापर्यंत लाल झाली. म्हणाली, तुम्ही ऐकलंत? मी मोडकंतोडकं जुळवून म्हटलं, ऐकलं, पण समजायला महिना लागला, माझ्या नणंदेने शब्दकोशात बघून कळवलं. यावर ती खोक्यावर बसली आणि इतकी हसली की काठी पडली. मग मी सुपाचंही सांगितलं. तेव्हा हसणं थांबलं. म्हणाली, “ते मला रोज सांगायचं होतं. पण तुम्ही एवढ्या आनंदाने आणायचात, की कसं सांगू कळेना. माझ्या बोलण्यात मोठे शब्द येत नाहीत. आमच्या घरात कुणाच्याच येत नाहीत. नवऱ्यालासुद्धा माझ्याकडून कधी मिळालेले नाहीत.”

सगळं काही मला शब्दाशब्दाने कळलं असं नाही, पण कळलं. घर लहान आहे त्याचंही विचारून टाकलं. तर तिची आई यायचं म्हणत होती आणि ही तिला नको म्हणत होती. सासू आहे, तिसऱ्या माणसाला जागा नाही. आई आली की सारखी पाय कसा आहे विचारते, आणि तुम्ही विचारत नाही, तुम्ही पडदा शिवता. असं म्हणाली.

मग काठी उचलून देताना मी तिला तिकिटाची तारीख सांगितली. तिला माहीत होती. जरा वेळाने म्हणाली, “पाय बरा झाला म्हणजे तुमचं काम संपलं असं नाही. म्हणजे, काम म्हणून नाही.” तिला पुढचं येईना. मीच म्हटलं, “आय स्टे?” तर म्हणाली, “आय’ड लाइक दॅट व्हेरी मच.” व्हेरी, वन्सं. माझ्या सातवीतला.

तिकीट पुढे ढकललं आहे. आता मुद्द्याचं.

तुमचं पत्र उशिरा का आलं ते मी विचारत नाही. पण इतक्या वर्षांत तुम्ही कधी रंगाच्या हातांबद्दल, कडीबद्दल, पलंग भिंतीपासून किती सरकवला याबद्दल लिहिलं नव्हतं. ते पत्र मी पुन्हा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी माझ्याच दुःखात होते, दिसलं नाही. आणि एवढं करून तुम्ही मला खरा अर्थ लिहून पाठवलात. नसतात पाठवलात तर मी २६ तारखेला दारात असते.

सूनबाईला सगळं सांगितलं, खुणा करून आणि चित्रं काढून. तिने रात्री जहाजावर निरोप पाठवला. चिरंजीव मे महिन्यात उतरले की आधी तुमच्याकडे येतील आणि तुम्हाला घेऊनच इकडे येतील. सूनबाई मला खालच्या खोलीत खाट टाकून देतेय, वरची माझी खोली तुमची. सप्टेंबरपर्यंत राहू, मग आपण दोघी मिळून परत जाऊ. पिवळी खोली कुठे पळत नाही. नाही म्हणू नका. तुम्ही नाही म्हणाल याची मला खात्री आहे, म्हणून आधीच लिहिते.

तुमची,
वहिनी

२ मे

वहिनी,

नाही म्हणायचं पत्र मी लिहून ठेवलं होतं. त्यात कारणं होती. गुडघे, विमान, मांजर, हेडमास्तरांना कोण बघणार. ते पोस्टात टाकायला निघाले आणि वाटेत खुद्द हेडमास्तरच भेटले. कुठे निघालात विचारलं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, “बाई, मला बघायला माझी लेक आहे. दुसरं कारण सांगा.” दुसरं मला रस्त्यात उभ्याने सांगता आलं नाही. म्हणून घरी येऊन तुला लिहिते आहे.

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण जे लोक ती भाषा घरात बोलतात त्यांच्याशी मी एकदाही बोललेले नाही. मुलाच्या लग्नानंतर सून आठवडाभर आली होती तेव्हा तुम्हाला वाटलं, आत्या दोघांना मोकळीक देतेय. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही, कारण ती काही बोलली आणि मला कळलं नाही तर सगळ्यांसमोर काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. फोनला हात लावत नाही त्याचंही कारण तेच, तिने उचलला तर. जोर क्वाइटवर की गुडवर, हे मी तुला लिहिलं तेव्हा ते मला स्वतःला तोंडाने म्हणून दाखवता आलं नसतं. हेडमास्तरांसमोर म्हणून पाहिलं, दोन्ही सारखंच आलं.

तुला तर सातवीपर्यंतचंच येत होतं, आणि तू शेडमध्ये गुडघे टेकून उत्तर देत होतीस.

मुलाचा काल फोन आला. एरवी माझ्याऐवजी शेजारची मुलगी फोन घेते, ती येत होती, तिला थांबवलं आणि मीच उचलला. येते म्हणून सांगितलं. पासपोर्टचा फोटो काढला आहे, भूत दिसते. मांजराची सोय समोरच्यांकडे केली. सुनेला सांग, वरची खोली नको, मला तिच्या स्वयंपाकघरात एक खुर्ची द्या. सकाळी ती चहा करेल, फोनवर बोलेल, मेंढ्यावाले येतील-जातील, ते सगळं मला तिथे बसून ऐकू द्या. पहिले काही दिवस मला कुणी काही विचारू नका. मग मी आपणहून बोलेन.

तुझी,
वन्सं